'लीन' म्हणजे सडपातळ, कृश, काटक की आणखी काही?

शाईची_दौत (मूळ प्रश्न)

नमस्कार. ग्रामीण भागात काम करणाऱ्या एका संस्थेच्या इंग्रजी वार्षिक अहवालाचा मी सध्या मराठी अनुवाद करीत आहे. या अहवालात 'लीन' हे विशेषण चार ठिकाणी आले आहे आणि चारही ठिकाणी त्याचा अर्थ मला निरनिराळा वाटतो. पहिल्या ठिकाणी संस्थापकांचे शब्दचित्र आहे; सत्तरी ओलांडल्यावरही डोंगर चढून वाड्यावस्त्यांवर जाणारा 'लीन' माणूस, असे त्यांचे वर्णन केले आहे. दुसऱ्या ठिकाणी आहार आणि आरोग्याच्या प्रकरणात 'लीन बॉडी मास' अशी संज्ञा येते. तिसऱ्या ठिकाणी दुग्धव्यवसायाच्या संदर्भात 'लीन सीझन'चा उल्लेख आहे. शेवटच्या प्रकरणात संस्था स्वतःविषयी काहीशा अभिमानाने सांगते, की आता आम्ही अधिक 'लीन' झालो आहोत.

माझ्याजवळच्या इंग्रजी-मराठी कोशात सडपातळ, कृश, रोड, बारीक, नापीक असे प्रतिशब्द एकापुढे एक दिले आहेत, परंतु कोणता कुठे योजावा याचा त्यात काही पत्ता लागत नाही. एका शब्दासाठी एकच प्रतिशब्द वापरावा, या भाबड्या आग्रहापोटी मी पहिल्या खर्ड्यात चारही ठिकाणी 'कृश' लिहिले. त्याचा परिणाम असा झाला, की संस्थापक दीर्घ आजारातून उठल्यासारखे दिसू लागले आणि संस्था उपासमारीने खंगल्यासारखी. संपादकांनी समासात नुसते एक प्रश्नचिन्ह काढून पाने परत पाठवली आहेत.

'थिन', 'स्लिम' आणि 'लीन' यांत नेमका भेद कोणता? 'लीन' हा शब्द स्तुतीचा आहे की निंदेचा? आणि चारही ठिकाणी चालेल असा एखादा मराठी शब्द आहे का?

पाटीपेन्सिल

आपला प्रश्न वाचून आनंद झाला, कारण इंग्रजी शिकवण्याच्या माझ्या सगळ्या वर्षांत विद्यार्थी हा भेद गुळगुळीत करून टाकताना मी पाहत आलो आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: तसा एक शब्द मराठीत नाही, आणि तो शोधण्यात आपण वेळ घालवू नये.

'थिन' हा शब्द जाडी मोजतो. कागद, बर्फाचा थर, भिंत, आमटी, केस, डोंगरमाथ्यावरची हवा, या सर्वांना इंग्रजीत 'थिन' म्हणता येते. मराठी इथे इंग्रजीपेक्षा अधिक काटेकोर आहे, कारण आपण कापड आणि आमटी पातळ म्हणतो, सूत आणि माणूस बारीक म्हणतो, तर केस आणि हवा विरळ म्हणतो. 'लीन' मात्र जाडी मोजतच नाही. त्यात विचार असतो तो चरबीचा. म्हणून कागद कधीही 'लीन' होत नाही, पातळ आमटीलाही कोणी 'लीन' म्हणत नाही. 'लीन' असते ते मांस किंवा देह, आणि पुढे लक्षणेने ज्याला चरबी चढू शकते अशी कोणतीही गोष्ट, म्हणजे अंदाजपत्रक, कार्यालय, गद्य.

विरुद्धार्थी शब्द लावून पाहिला, की हा फरक हाती येतो. 'थिन'च्या समोर कधी 'थिक' उभा राहतो, कधी 'फॅट'. 'लीन'च्या समोर देहाच्या बाबतीत 'थिक' कधीच उभा राहत नाही. याच कारणाने 'लीन' हे नामही आहे. मांसाच्या तुकड्यातील चरबीविरहित भाग म्हणजे 'द लीन'. चरबी न खाणारा नवरा आणि 'लीन' न खाणारी बायको, अशा जोडप्याचे एक जुने इंग्रजी बालगीत आहे. दोघांनी मिळून ताट चाटून पुसून स्वच्छ केले, असा त्याचा शेवट आहे.

'स्लिम' आणि 'स्लेंडर' हे दोन्ही पसंतीचे शब्द आहेत. त्यातही 'स्लेंडर'मध्ये बांध्याचे सौष्ठव असते, म्हणून त्याला 'शेलाटा' हा आपला शब्द छान बसतो. 'स्किनी' म्हटले की हडकुळेपणा किंवा किडकिडीतपणा आला आणि त्याबरोबर थोडी चेष्टाही आली. आपल्याकडे ज्याला 'पाप्याचे पितर' म्हणून हिणवतात, तो इंग्रजीत 'स्किनी' किंवा त्याहून कठोर शब्दाने 'स्क्रॉनी' ठरेल. 'गाँट' माणसाची गालफडे बसलेली असतात आणि डोळे खोल गेलेले असतात, म्हणून तो 'खंगलेला'. 'लँकी'ला मात्र मराठीत एका शब्दात पकडणे कठीण आहे, कारण त्यात उंची, बारीकपणा आणि हातापायांचा बेंगरूळपणा एकत्र येतो.

आता स्तुती की निंदा, याविषयी. आज माणसाला 'लीन' म्हटले, की अंगावर फाजील मांस नाही, जे आहे ते कामाचे आहे, असा भाव असतो. आपल्या संस्थापकांसाठी म्हणूनच मी 'काटक' हा शब्द सुचवेन. 'सडपातळ' चुकीचा नाही, परंतु तो केवळ आकृती सांगतो. सत्तरीत डोंगर चढणाऱ्या माणसाचे बळ त्यात येत नाही. 'शिडशिडीत' त्याहून बरा आहे, तरी त्यात उंचीची छटा आहे आणि संस्थापक ठेंगणे असतील तर पंचाईत होईल.

पूर्वी मात्र हा शब्द इतका निर्मळ नव्हता. शेक्सपिअरच्या 'ज्युलिअस सीझर'मध्ये, पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात, सीझर अँटनीला सांगतो की माझ्या अवतीभवती लठ्ठ माणसे असू द्या, या कॅशिअसची मुद्रा 'लीन' आणि भुकेली आहे, अशी माणसे धोकादायक असतात. तिथे 'काटक' लिहिले तर नाटक बिघडेल. कॅशिअसच्या कृशपणात न शमलेली महत्त्वाकांक्षा आहे, आणि सीझरला भय वाटते ते तिचे. तेव्हा एकच शब्द देहातील बळ सांगू शकतो आणि देहातील भूकही सांगू शकतो. अनुवादकाने दर वेळी स्वतःला विचारावे, की इथे जे नाही ते नकोसे होते म्हणून गेले, की हवे असूनही मिळाले नाही?

पथ्यपाणी

मी आहारतज्ज्ञ आहे, त्यामुळे दुसऱ्या संज्ञेपुरते लिहिते. 'लीन बॉडी मास' म्हणजे शरीराच्या एकूण वजनातून चरबीचे वजन वजा केल्यावर जे उरते ते, म्हणजेच स्नायू, हाडे, अवयव आणि पाणी. इथे 'कृश' किंवा 'सडपातळ' लिहिल्यास अर्थाचा पूर्ण विपर्यास होईल, कारण शंभर किलो वजनाच्या मल्लाचे 'लीन मास' एखाद्या बारीक माणसाच्या सगळ्या वजनापेक्षाही जास्त भरू शकते. 'चरबीविरहित वजन' किंवा 'चरबी वगळता शरीराचे वजन' असे सरळ लिहावे.

पाटीपेन्सिल यांनी 'थिन' आणि 'लीन' यांत केलेला भेद आमच्या क्षेत्रात केवळ शब्दांपुरता नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन या दोघांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३, म्हणजे वजनकाटा आणि उंचीची पट्टी यांच्या लेखी दोघेही सारखेच सडपातळ होते. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण मोजले तेव्हा ते यडकिन यांच्यात ९.१ टक्के निघाले आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. दोघांच्याही आडनावाचे इंग्रजी आद्याक्षर एकच असल्याने हे उदाहरण 'वाय-वाय पॅरडॉक्स' या नावाने ओळखले जाते. सत्तर किलो वजनाच्या माणसावर हे हिशेब बसवून पाहिले, तर पहिल्या प्रमाणाने त्याचे चरबीविरहित वजन सुमारे ६४ किलो येते आणि दुसऱ्या प्रमाणाने सुमारे ५५ किलो. दोघेही 'थिन' आहेत, पण खऱ्या अर्थाने 'लीन' एकच आहे.

याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांत गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळे यांचाही अभ्यास केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. या लहानखुऱ्या बाळांमध्ये स्नायू आणि पोटातील अवयव बरेच कमी भरले होते, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. अशा देहरचनेला त्यांनी 'थिन-फॅट' म्हटले. हे जोडनाम इंग्रजी वाचकाला विरोधाभासाचे वाटते आणि म्हणूनच लक्षात राहते. त्यात 'थिन'च्या जागी 'लीन' घालताच ते निरर्थक होईल, कारण जो 'लीन' आहे तो 'फॅट' असूच शकत नाही. मराठीत मी रुग्णांना 'दिसायला बारीक, आतून चरबीदार' असे सांगते आणि ते त्यांना लगेच समजते.

मांसाच्या संदर्भात अमेरिकेतील वेष्टनांवर 'लीन' या शब्दाला कायद्याने ठरवलेली व्याख्या आहे. १०० ग्रॅम मांसात एकूण चरबी १० ग्रॅमपेक्षा कमी, संपृक्त चरबी ४.५ ग्रॅमपर्यंत आणि कोलेस्टेरॉल ९५ मिलिग्रॅमपेक्षा कमी असावे लागते. आपल्याकडे खाटकाला 'लीन मटण द्या' असे सांगून उपयोग नाही. 'रानाचे, म्हणजे मांडीचे द्या आणि चरबी काढून द्या' म्हटले की काम होते. आहारपत्रिकेतही मी 'बिनचरबीचे मांस' असेच लिहिते.

दहावा_महिना

पथ्यपाणी यांच्या विवेचनात एक दुरुस्ती सुचवतो, कारण मी यकृताच्या विकारांवर काम करणाऱ्या विभागात आहे. 'लीन' म्हणजे चरबी नसलेला, ही व्याख्या खुद्द डॉक्टर नेहमी पाळत नाहीत. 'लीन फॅटी लिव्हर' अशी संज्ञा आम्ही रोज वापरतो. तिथे 'लीन' ठरवण्याचा निकष केवळ बॉडी मास इंडेक्स हा आहे. आशियाई लोकांसाठी तो २३ च्या खाली असला, की रुग्ण 'लीन'. पोटात चरबी आहे आणि यकृतात तर आहेच, तरीही नाव 'लीन'. या संज्ञेचा अनुवाद 'वजन जास्त नसलेल्यांतील मेदयुक्त यकृत' असा लांबलचक करावा लागतो आणि त्याला माझा तरी इलाज चाललेला नाही.

पथ्यपाणी

मान्य आहे. वैद्यकीय इंग्रजीत तिथे शब्द ढिलाईने वापरला गेला आहे, असे माझे मत आहे, परंतु ती संज्ञा आता रूढ झाली आहे.

सकाळचे_संकलन

मी एका दूध संघात काम करतो, तेव्हा 'लीन सीझन'विषयी अधिकाराने बोलू शकतो. यासाठी आपल्याला नवा शब्द घडवण्याची काहीच आवश्यकता नाही, कारण दुग्धव्यवसायातील मराठीत तो आधीपासूनच आहे. इंग्रजीतील 'फ्लश सीझन'ला आम्ही 'पुष्टकाळ' म्हणतो आणि 'लीन सीझन'ला 'कृशकाळ'. संघाच्या बैठकीत, शेतीविषयक बातम्यांत, दूध दराच्या वादात हे दोन्ही शब्द नित्य येतात.

पावसाळा सरत आला, की हिरवा चारा मुबलक होतो, म्हशींची वेते मुख्यतः त्या सुमारापासून हिवाळ्यापर्यंत होतात, हवा थंड असते आणि साधारणपणे ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत संकलन चढे राहते. हा पुष्टकाळ. उन्हाळ्यात चारापाणी आटते, उष्म्याने जनावर कमी खाते, बरीच जनावरे आटलेली असतात आणि संकलन उतरते. हा कृशकाळ. पुष्टकाळातील जादा दुधाची भुकटी आणि लोणी करून ठेवायचे आणि कृशकाळात त्यांच्यापासून पुन्हा दूध तयार करून मागणी भागवायची, हे दुग्धव्यवसायाचे जुने गणित आहे. भुकटीचे दर पडले की हे गणित कोलमडते, पण तो निराळा विषय आहे.

आपल्या खर्ड्यातील 'कृश' या एका ठिकाणी तरी अगदी अचूक बसला आहे, हे आपल्याला कळावे म्हणून मुद्दाम लिहिले. एक सावधगिरी मात्र बाळगावी. काही अनुवादक 'लीन सीझन'साठी 'भाकड काळ' लिहितात. भाकड जनावर मुळीच दूध देत नाही. कृशकाळात दूध कमी होते, बंद होत नाही. मासेमारीच्या प्रकरणात 'लीन सीझन' आला, तर तिथे कृशकाळ चालणार नाही. किनाऱ्यावर पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना बंदी असते. तिथे 'बंदीचे दिवस' म्हणावे. शेतमजुरांबाबत असेल तर 'हाताला काम नसलेले दिवस' यापेक्षा चांगला शब्द मला सुचत नाही.

पाटीपेन्सिल

'पुष्टकाळ' आणि 'कृशकाळ' या जोडीने मी थक्क झालो, कारण इंग्रजीतील 'लीन इयर्स' या वाक्प्रचाराचा उगमही गाईंपर्यंतच जातो. बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकाच्या ४१व्या अध्यायात मिसरच्या राजाला स्वप्न पडते. नदीतून सात पुष्ट गाई वर येतात, त्यांच्या मागून सात रोड गाई येतात आणि रोड गाई पुष्ट गाईंना खाऊन टाकतात, तरीही त्या होत्या तशाच रोड राहतात. सात वर्षे सुबत्तेची आणि पुढची सात दुष्काळाची, असा उलगडा योसेफ करतो आणि सुबत्तेत धान्याची कोठारे भरून ठेवण्याचा सल्ला देतो. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये या गाईंसाठी 'लीन' हाच शब्द आहे. तेव्हापासून ओढग्रस्तीची वर्षे ती 'लीन इयर्स' झाली. योसेफाने धान्य साठवले, आपला दूध संघ भुकटी साठवतो. युक्ती एकच आहे.

इथे 'लीन'चा दुसरा चेहरा स्पष्ट दिसतो. गाईने चरबी उतरवलेली नाही. तिला चाराच मिळालेला नाही.

नट_बोल्ट

आपल्या चौथ्या वाक्याविषयी मला काही सांगायचे आहे, कारण गेली अनेक वर्षे मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात 'लीन'च्या फलकांखालीच काम करतो आहे. संस्था स्वतःला 'लीन' म्हणवते, तेव्हा तो शब्द शरीरशास्त्रातून थेट आलेला नसतो, कारखान्यातून फिरून आलेला असतो. टोयोटा कंपनीत ताइची ओनो यांनी जी उत्पादनपद्धती विकसित केली, तिला अमेरिकेतील एमआयटीमध्ये संशोधन करणाऱ्या जॉन क्राफचिक यांनी १९८८ सालच्या एका लेखात 'लीन' हे विशेषण जोडले. दोन वर्षांनी त्याच संशोधन प्रकल्पातील ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या पुस्तकाने ते जगभर नेले. गंमत अशी, की टोयोटातील मूळ परिभाषेत बारीकपणाचा कुठे उल्लेखच नाही. तिथे बोलले जाते ते 'मुदा'विषयी, म्हणजे ग्राहकाला ज्याचा काही उपयोग नाही अशा व्यर्थ गोष्टींविषयी. गरजेहून अधिक उत्पादन, वाट पाहणे, मालाची विनाकारण ने-आण, अनावश्यक प्रक्रिया, फाजील साठा, कामगाराची निष्कारण हालचाल आणि सदोष माल, अशा सात प्रकारच्या व्यर्थतेची यादी ओनो यांनी केली. कारखान्याच्या अंगावर चढलेली चरबी ती हीच, हे क्राफचिक यांच्या शब्दाने एका फटक्यात सांगितले, म्हणून तो चालला.

आमच्या प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत याचा अनुवाद 'दुबळे उत्पादन' असा कोणीतरी केला होता. यंत्रावरचे कामगार महिनाभर त्यावरून हसत होते. मी 'आटोपशीर' हा शब्द सुचवतो. आटोपशीर संसारात काही उणे नसते, फक्त फाफटपसारा नसतो. 'सुटसुटीत' हाही चालेल, पण त्यात सोपेपणाचा अर्थ अधिक आहे.

विषय निघालाच आहे तर गॅरेजमधील 'लीन'ही सांगून ठेवतो. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे वजनी प्रमाण साधारण १४.७ ला १ असले, की ज्वलन पूर्ण होते. पेट्रोल त्याहून कमी पडले तर मिश्रण 'लीन' आणि जास्त झाले तर 'रिच'. पाहा, इथे विरुद्धार्थी शब्द 'फॅट' राहिला नाही, श्रीमंती आली. कार्ब्युरेटरच्या जुन्या दुचाकीचे मिश्रण 'लीन' झाले, की इंजिन तापते, गाडी ओढत नाही आणि स्पार्क प्लग पांढुरका पडतो. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ निकष लागू झाल्यावर बहुतेक दुचाक्यांत इंधनाचे प्रमाण संगणकच ठरवतो, त्यामुळे स्क्रू फिरवून 'लीन-रिच' करणाऱ्या मिस्त्रींचे कसब आता जुन्या गाड्यांपुरते उरले आहे. रस्त्याच्या कामात काँक्रीटच्या मुख्य थराखाली साधारण १५० मिलिमीटरचा 'ड्राय लीन काँक्रीट'चा थर देतात. त्यात सिमेंट कमी असते, म्हणून ते 'लीन'. तो थर काही बारीक नसतो. या दोन्ही ठिकाणी मराठीत 'कमी पेट्रोलचे' आणि 'कमी सिमेंटचे' असे सांगावे आणि पुढे जावे.

आवाज_खालचा

इतके प्रतिशब्द शोधण्यापेक्षा 'लीन' हाच शब्द देवनागरीत तसाच का ठेवू नये? 'स्लिम' आपण ठेवलाच आहे. 'स्लिम फिट' शर्टाचा अनुवाद कोणी करत बसत नाही.

मूळधातू

ठेवता आला असता, परंतु ती जागा मराठीत आधीच भरलेली आहे. आपल्या भाषेत लीन म्हणजे नम्र, किंवा एखाद्या ठिकाणी विरून एकरूप झालेला. चरणी लीन होणे, तल्लीन, विलीन, हे सारे संस्कृत 'ली' धातूचे कुटुंब आहे. 'आमची संस्था आता अधिक लीन झाली आहे' हे वाक्य मराठी वाचक वाचील, तेव्हा संस्थेला विनयाचा साक्षात्कार झाला, असेच त्याला वाटेल. 'लीन उत्पादन' तर एखाद्या मठात होत असावे. 'स्लिम'ला असा प्रतिस्पर्धी मराठीत नव्हता, म्हणून तो सुखाने राहिला.

इंग्रजीतही या उच्चाराचे दोन शब्द आहेत आणि त्यांची गल्लत होते. टेकणे, झुकणे या अर्थाचे क्रियापद वेगळे. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप 'ह्लिओनिअन'सारखे होते, तर आपल्या विशेषणाचे 'ह्लॅने' असे. पुढे उच्चार झिजत जाऊन दोन्ही एकाच रूपाला आले. त्या क्रियापदाचा दूरचा भाऊ संस्कृतात आहे: 'श्रि' हा धातू, ज्याला 'आ' लागून 'आश्रय' झाला. भिंतीला टेकणारा इंग्रज आणि झाडाचा आश्रय घेणारा मराठी माणूस एकाच मुळाचे शब्द वापरतात. हे सारे त्या क्रियापदाविषयी झाले. विशेषणाच्या मुळाबाबत व्युत्पत्तिकारांचे एकमत नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

आटोपशीर या शब्दाला माझे अनुमोदन आहे. पाल्हाळ नसलेल्या गद्यालाही इंग्रजीत 'लीन प्रोज' म्हणतात आणि तिथेही आटोपशीरच शोभतो.

शाईची_दौत

सर्वांचे मनःपूर्वक आभार. संस्थापक 'काटक' झाले, आहाराच्या प्रकरणात 'चरबीविरहित वजन' आले आणि दुग्धव्यवसायाच्या प्रकरणात 'कृशकाळ' तसाच राहिला. चौथ्या ठिकाणी 'संस्थेचा कारभार आता अधिक आटोपशीर झाला आहे' असे लिहिले आहे आणि ते वाचायलाही चांगले वाटते.

नट_बोल्ट

एक शंका मनात येते म्हणून विचारतो. संस्था आटोपशीर झाली म्हणजे नेमके काय झाले? आमच्या कारखान्यात 'लीन'चा पहिला फलक लागला, तेव्हा साठा कमी झाला, यंत्रे जवळ आणली गेली आणि कामगारांची पायपीट वाचली. दुसऱ्यांदा कोणी 'लीन' म्हणाले, तेव्हा रात्रपाळी बंद झाली आणि तीस माणसे घरी गेली. शब्द दोन्ही वेळा तोच होता. पाटीपेन्सिल यांचा प्रश्न इथे लावून पाहा.

शाईची_दौत

आपल्या शंकेमुळे मी अहवालाची परिशिष्टे पुन्हा उघडली. मागील वर्षी पूर्णवेळ कार्यकर्ते ४१ होते, या वर्षी २६ आहेत. एका मोठ्या देणगीदाराचे अनुदान संपल्याची नोंद हिशेबाच्या पानावर तळटीपेत आहे. काम ज्या गावांत चालते, त्या गावांची संख्या मात्र कमी झालेली नाही. म्हणजे ही मिसरची गाय आहे आणि मी तिला आटोपशीर म्हणत होते.

पाटीपेन्सिल

इंग्रजी लेखकाने शब्द चतुराईने निवडला आहे, कारण त्या भाषेत एकाच शब्दात दोन्ही अर्थ सामावतात आणि वाचकाला बरा अर्थ आधी दिसतो. मराठीत तशी सोय नाही. 'आटोपशीर' लिहिले तर आपण संस्थेची बाजू घेता, 'रोडावलेली' लिहिले तर तिच्या विरोधात जाता. अनुवादकाने मूळ लेखकाची लपवाछपवी उघड करावी की जपावी, यावर माझे मत असे आहे, की दोन्ही करू नये आणि दोन्ही अर्थांना जागा राहील असे तटस्थ वाक्य शोधावे. तसे वाक्य न सापडल्यास संस्थेलाच विचारावे.

शाईची_दौत

संस्थेला विचारले. दूरध्वनीवर बोलणाऱ्या बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, की इंग्रजी अहवाल देणगीदारांसाठी आहे, मराठी अहवाल मात्र आमचेच कार्यकर्ते वाचतील, तेव्हा त्यांना पटेल असे लिहा. म्हणून शेवटी असे लिहिले आहे: 'संस्थेचे काम आता पूर्वीपेक्षा कमी माणसांवर चालते.' संपादकांनी या वेळी समासात काहीही काढलेले नाही.